मदतनिसापासून गुरुजींपर्यंत

शाळेच्या इतिहासांत मुख्याध्यापकांचीं नांवें राहतात. त्यांच्या हाताखालीं ज्यांनीं लहानग्यांचा हात धरून अक्षरें गिरवून घेतलीं, त्यांचीं सहसा राहत नाहींत. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं अशा मदतनिसांचें स्मरण करणें आम्हांस उचित वाटतें; कारण शिक्षकांची उणीव जेव्हां जेव्हां भासली, तेव्हां जगानें त्यांच्याकडेच धांव घेतली आहे.

आपल्या देशांत पंतोजींच्या शाळेंत थोरल्या मुलानें धाकट्यास धूळपाटीवर अक्षरें शिकवावीं, ही जुनी रीत होती. १७८९ सालीं अँड्र्यू बेल हे अँग्लिकन धर्मोपदेशक मद्रासच्या एग्मोर भागांतील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचे प्रमुख झाले. देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढतांना त्यांनीं पाहिलीं व तीच युक्ति आपल्या शाळेंत आणूं पाहिली. पण हाताखालच्या पगारी शिक्षकांस ती रुचेना. तेव्हां त्यांनीं जॉन फ्रिस्केन नांवाच्या ८ वर्षांच्या विद्यार्थ्यावर मुळाक्षरांचा वर्ग सोंपविला, आणि काम साधलें. १७९७ सालीं बेल यांनीं हा वृत्तांत लंडनास छापला; १७९८ सालीं जोसेफ लँकेस्टर यांनीं तेथें अशाच धर्तीची शाळा काढली. एका गुरुजींच्या देखरेखीखालीं शेंकडों मुलें शिकूं लागलीं. खर्च थोडा, म्हणून व्यवस्थापक संतुष्ट झाले. परंतु त्या बालशिक्षकास स्वतःला पुढें कोण शिकविणार? सकाळीं जें पाठ केलें, तेंच तो दुपारीं दुसऱ्यास सांगे. त्याच्या कामाचा उपयोग सर्वांनीं केला. त्याच्या पायांखालीं शिडी कोणीं ठेविली नाहीं.

ही उणीव जाणून जेम्स के-शटलवर्थ यांच्या प्रयत्नानें इंग्लंडच्या सरकारनें १८४६ सालीं ‘विद्यार्थी-शिक्षकां’ची योजना केली. वयाच्या १३ व्या वर्षीं मुलानें वा मुलीनें शाळेंत उमेदवारी पत्करावी. ती ५ वर्षें चालावी. उमेदवारानें दिवसा वर्गांत साहाय्य करावें व मुख्याध्यापकांनीं त्यास रोज दीड तास स्वतंत्र शिकवावें. तनखा सालीना १० पौंडांपासून वाढत २० पौंडांपर्यंत जावा. दरसाल परीक्षा व्हावी. शेवटीं शिष्यवृत्ति मिळवून अध्यापन-विद्यालयांत जावें. गरिबाच्या लेंकरास गुरुजी होण्याचा मार्ग मोकळा झाला. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानें हीच पद्धति हिंदुस्थानासही सुचविली. तिच्यांतही दोष होता: दिवसभर शिकवून थकलेल्या मुलांस स्वतःचा अभ्यास जड जाई, म्हणून पुढें त्यांच्यासाठीं वेगळीं अध्ययन-केंद्रें निघालीं.

ख्रिस्तसभेंत हें मर्म त्याहून दीड शतक आधीं एका धर्मगुरूनें ओळखिलें होतें. फ्रान्समधील रीम्स नगरांत संत जॉन बॅप्टिस्ट दि ला साल यांनीं अल्पशिक्षित, गरीब शाळामास्तरांस प्रथम आपल्या पंक्तीस, व १६८१ सालीं आपल्या घरींच राहावयास आणिलें. आप्तेष्ट रागावले, त्यांनीं पर्वा केली नाहीं. पुढें खेड्यांतील शिक्षकांकरितां त्यांनीं अध्यापन-विद्यालय काढिलें. १९५० सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें.

आजही उणीव सरली नाहीं. २०३० पर्यंत जगास आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील, असा युनेस्कोचा अंदाज आहे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शिक्षकास किमान पात्रता आवश्यक केली आहे, आणि तें योग्यच आहे. त्यामुळें बालवाडींत मुलांस सांभाळणारी ताई कितीही मायाळू व कुशल असली, तरी डी.एल.एड. व टीईटी यांवांचून पहिलीच्या वर्गाची शिक्षिका होऊं शकत नाहीं. बारावी झालेली ही मुलगी तुटपुंज्या मानधनावर दोन-चार वर्षें राबते व अखेर काम सोडून जाते. दोष तिचा नव्हे. पुढची पायरीच तिला दिसत नाहीं.

प्रिय बंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या निमित्तानें आपण घंटा, वेदी, कमान यांसाठीं उदार हस्तें देतों. त्यांतील एक वांटा या ताईंच्या शिक्षण-शुल्कास जावा. अभ्यासास त्यांस दिवसाचे दोन तास मोकळे मिळावे. प्रत्येक अनुभवी शिक्षिकेनें एकीचा हात धरावा. प्रभु येशूनेंही बारा जणांस आधीं आपल्याजवळ ठेविलें, मगच शिकविण्यास धाडिलें. संत ला साल यांच्या मध्यस्थीनें आपल्या शाळेस अशीं शिकतां शिकतां शिकविणारीं माणसें लाभोत, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.