ख्रिस्ती श्रद्धेतील साचलेपणा: तो कसा ओळखावा, त्यातून बाहेर कसे पडावे?

रविवारची उपासना चुकत नाही, गीते तोंडपाठ आहेत, नाताळात दारावर चांदणी लागते. पण प्रार्थना ओठांच्या आत उतरत नाही. अकोला-अमरावतीच काय, कुठल्याही गावच्या ख्रिस्ती घरात हे सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही. या अवस्थेला आध्यात्मिक साचलेपणा म्हणतात. श्रद्धा सुटलेली नसते, ती फक्त पुढे सरकत नाही.

ही तक्रार जुनी आहे. नव्या करारातील प्रकटीकरणाच्या पुस्तकात इफिसच्या मंडळीला पहिली प्रीती सोडल्याबद्दल दोष दिला आहे. त्याच पत्रात तिच्या श्रमांची आणि धीराची स्तुतीही आहे. म्हणजे काम जोरात चालू असतानाही आतून साचता येते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या इव्हाग्रियस या साधूने याला ‘दुपारचे भूत’ म्हटले: सकाळी दहाच्या सुमारास ते येते, दोनपर्यंत सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, आपली कोठडी आणि आपले काम दोन्ही नकोसे होते. वऱ्हाडात मे महिन्याची दुपार काढलेल्यांना हे फार समजावून सांगायला नको.

पंडिता रमाबाईंची आठ वर्षे

मराठी ख्रिस्ती इतिहासात याचे सर्वात स्पष्ट उदाहरण रमाबाईंचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पुढे त्यांनी शारदा सदन काढले, विधवांसाठी रात्रंदिवस राबल्या. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत दिली आहे. सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा पाळक स्वतःचेच प्रवचन देता देता बदलला होता! देवासाठी आपण काय करतो यापेक्षा ख्रिस्ताने आपल्यासाठी काय केले, याकडे रमाबाईंची नजर वळली ती त्या काळात.

१९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेले संजीवनही अचानक आलेले नाही. जानेवारीत सुमारे सत्तर जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेच्या आसपास गेली आणि मग त्या महिन्याच्या अखेरीस जागृती झाली. लोक शेवटचे काही दिवस लक्षात ठेवतात, आधीचे पाच महिने विसरतात.

पिढी बदलते तेव्हा

वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अलायन्स, फ्री मेथडिस्ट अशी मिशने आली. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनेक अनाथ मुले मिशनांच्या आश्रयाला गेली. पहिल्या पिढीने श्रद्धेची किंमत मोजली होती: नातेवाईक तुटले, विहीर तुटली. पणतवंडांना तीच श्रद्धा आडनावासारखी जन्मतः मिळते. यात त्यांचा दोष नाही, पण साचण्याची सुरुवात बहुधा इथेच होते. पणजोबांची साक्ष घरात सगळ्यांना पाठ असते. आपली स्वतःची विचारली की माणूस गप्प होतो.

कवी नारायण वामन टिळकांनी वेगळा मार्ग घेतला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, नंतर अहमदनगरला मिशनचे काम. आणि १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. अभंग आणि कीर्तन हे त्यांचे साधन होते, कारण परक्या चालीत मन रमत नाही, हे त्यांना कळले होते.

कोरडेपणा म्हणजे साचलेपणा नव्हे

इथे अनेकांची गल्लत होते. मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे सांगतात की कित्येक दशके त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. सेवा मात्र थांबली नाही. भावना न येणे हा कोरडेपणा. ओढच न उरणे, आणि न उरल्याचे काही न वाटणे, हा साचलेपणा. तुम्हाला त्याचा त्रास होत असेल तर झरा अजून जिवंत आहे. झोप, भूक, कामावरचे लक्ष सगळेच गेले असेल, तर मात्र तो नैराश्याचा आजार असू शकतो. अशा वेळी पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटा.

मग करायचे काय?

सोळाव्या शतकातील इग्नेशियस लोयोला यांचा नियम आजही उपयोगी आहे: मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका, उलट प्रार्थनेला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ द्या. थोडाच, कारण चाळीस दिवसांचा उपास जाहीर करणारे बरेचदा चौथ्या दिवशी थांबतात. स्तोत्रसंहितेतली तक्रारीची स्तोत्रे, उदाहरणार्थ तेरावे किंवा अठ्ठ्याऐंशीवे, मोठ्याने वाचा; देवापाशी कुरकुर करायला तिथे पूर्ण मुभा आहे. कॅथलिक असाल तर बरेच दिवस टाळलेला पापनिवेदनाचा संस्कार घ्या. रोज सकाळी मोबाइलवर आलेले वचन पुढे पाठवणे म्हणजे शास्त्रवाचन नव्हे. मार्काचे शुभवर्तमान सोळाच अध्यायांचे आहे, एका बैठकीत वाचून होते.

आणि एका विश्वासू माणसाला खरे सांगा. मंडळीत नाही, चहाच्या टपरीवर सांगितले तरी चालेल. बहुतेकदा समोरचा थोडा वेळ गप्प राहतो आणि म्हणतो, ‘माझंही तसंच चाललंय.’