पंचाचा निर्णय: अंतिम, पण अचूक?

मंडळी, बहिणाबाईंच्या माहेरी, असोद्यात, तत्त्वज्ञानावर बोलायचं म्हणजे धाडसच. म्हणून सुरुवात मैदानापासून करतो.

सॉफ्टबॉल 1887 साली शिकागोत जन्मला, तोही एका बंद सभागृहात, बॉक्सिंगच्या हातमोज्याचा चेंडू करून. त्यातला पहिला बेस 60 फुटांवर. धावणाऱ्या मुलीचा पाय आणि ग्लोव्हमध्ये शिरणारा चेंडू, दोन्ही एका नजरेत मावत नाहीत. म्हणून पंच पाय डोळ्यानं टिपतो आणि चेंडू कानानं. क्षणात सांगायचं, आउट की सेफ. नियम चुकीचा लावला तर प्रोटेस्ट करता येतो. पण पंचाला जे दिसलं, त्याविरुद्ध प्रोटेस्ट नाही.

मग पंच म्हणेल तेच सत्य का? हार्ट या इंग्रज विचारवंतानं 1961 साली कायद्यावरच्या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला. त्याचं म्हणणं असं, की निर्णय अंतिम असतो म्हणून तो अचूक ठरत नाही. पंचही नियमाला बांधलेला असतो. तसं नसतं, तर त्याची चूक झाली असं आपण म्हणूच शकलो नसतो.

आता 1980चा वानखेडेवरचा कसोटी सामना आठवा. इंग्लंड 5 बाद 58. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. कप्तान विश्वनाथला वाटलं, चेंडू बॅटला लागलाच नाही. त्यानं अपील मागे घेतलं, टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनं 171 धावा जोडल्या आणि आपण 10 गडी राखून हरलो. पण पंचाशी भांडण झालं नाही. नियमानं ठेवलेल्या दारातूनच चूक दुरुस्त झाली.

2010 साली अमेरिकेत असं दार नव्हतं. गॅलारागा या बेसबॉल पिचरनं ओळीनं 26 जणांना बाद केलं होतं. सत्ताविसावाही पहिल्या बेसवर आउट होता, पण पंच जिम जॉयसनं सेफ दिलं. चित्रफीत पाहिल्यावर त्यानं चूक उघड कबूल केली. निकाल बदलला नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर गॅलारागानं स्वतः त्याच्या हाती संघाची यादी दिली, तेव्हा जॉयसच्या डोळ्यांत पाणी होतं.

इथं बसलेल्या तरुण पंचांना एवढंच सांगतो: हात उचलताना कचरू नका. पण घरी गेल्यावर 'माझं चुकलं असेल का?' हे स्वतःला विचारा. निर्णय अंतिम असतो, म्हणूनच तो देणाऱ्यानं नम्र राहायचं.