शरदाचे आभाळ आणि कोकणचा किनारा

भाद्रपद उतरू लागला म्हणजे सक्करदऱ्याच्या एखाद्या घरी सायंकाळचे बातमीपत्र संपता संपता हवामानाचा अंदाज ऐकू येतो. विदर्भाविषयी दोन वाक्ये होतात आणि मग उत्तर कोकणात व लगतच्या घाटमाथ्यावर मेघगर्जनेसह पावसाची शक्यता असल्याचे व मच्छीमारांनी समुद्रात न जाण्याविषयीचे सांगणे होते. समुद्र तेथून जवळजवळ सातशे किलोमीटर दूर. घरातील मंडळी पानावर बसावयास उठतात. तथापि त्या एका वाक्यामागे दोन शतकांचे परिश्रम आणि शेकडो माणसांचे प्राण आहेत. त्याचा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे.

डहाणूपासून अलिबागपर्यंतची ही चिंचोळी पट्टी एका बाजूस सागराने व दुसऱ्या बाजूस सह्याद्रीने आवळलेली आहे. पावसाळ्यात समुद्रावरून आलेले ओले वारे ह्या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि आपले पाणी तेथेच रिते करतात. ह्याच रांगेत थोडे दक्षिणेस असलेल्या महाबळेश्वरी वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तेथून सुमारे तीस किलोमीटरांवरील वाईस तो सातशेच्या आसपास येतो. हे पावसाळ्याचे चित्र सरळ आहे. कोडे पडते ते शरदाच्या आरंभी. नैर्ऋत्येचा वारा मंदावतो, सकाळी आभाळ काचेसारखे निर्मळ असते, दुपारी ऊन रणरणते आणि तिसऱ्या प्रहरी घाटमाथ्यावर काळे ढग उभे राहून तासाभरात झोडपून जातात. समुद्राचे पाणी तर तापलेलेच असते. पावसाळ्यात वरच्या थरांतील जोरदार वारे वादळास उभे राहू देत नाहीत. ते ओसरले म्हणजे ही अडचण दूर होते. म्हणूनच अरबी समुद्रातील वादळांचे दोन हंगाम आहेत: एक मॉन्सूनच्या तोंडाशी आणि दुसरा तो परतल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आभाळ मोकळे झाले असे वाटते, त्याच वेळी धोका वाढू लागतो.

ही गोष्ट जुन्या लोकांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मेघांच्या गर्भधारणेची, पर्जन्यमापनाची आणि अगस्तीच्या उदयानंतर निवळणाऱ्या पाण्याची सविस्तर चर्चा केली. शेतकऱ्याने आपला हिशेब नक्षत्रांवर बसविला: पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. ही नक्षत्रे सूर्याची असल्यामुळे ती दर वर्षी जवळजवळ त्याच इंग्रजी तारखांस येतात. हस्ताचा पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस लागतो. पाटावर हत्ती मांडून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुलींचा हादगा ह्याच पावसाशी बांधलेला आहे. विदर्भातील भुलाबाईही ह्याच दिवसांत बसते. कोळ्यांची नारळी पौर्णिमा मात्र चंद्राच्या तिथीने चालते. अधिकमासामुळे ती एखाद्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येते, तर एखाद्या वर्षी त्या महिन्याच्या अखेरीस. सागर तिथीची वाट पाहत नाही, हे जाणणारा अनुभवी तांडेल नारळ वाहिल्यावरही खाऱ्या व मतलई वाऱ्यांची पाळी नीट बसली की नाही, हे पाहूनच होडी लोटीत असे. नक्षत्राने हंगाम कळे. उद्याचा दिवस कळत नसे.

त्या उद्याच्या दिवसासाठी रोजची नोंद हवी होती. ती मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत सुरू झाली. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली ती स्थापिली ती ज्योतिषाच्या व जहाजांच्या वेळेच्या सोयीसाठी; 1841 पासून तेथे हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी ह्या वेधशाळेचा कारभार काही काळ पाहिला. केरूनाना छत्रे कोवळ्या वयात तेथे कामास लागले. पुढे पुण्यास गणिताचे अध्यापक म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली आणि लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी झाले. मराठी विद्वत्तेचा आधुनिक हवामानशास्त्राशी पहिला परिचय तो असा, वायुभारमापकाचे आकडे दिवसरात्र टिपण्याच्या नीरस कामातून झाला.

परंतु आकडे वहीत राहिले तर त्यांचा उपयोग काय? हा प्रश्न देशापुढे मांडला तो एका शारदीय वादळानेच. 5 ऑक्टोबर 1864 रोजी कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात हजारो माणसे दगावली. पुढल्याच वर्षी त्या बंदरासाठी धोक्याच्या सूचना देण्याची व्यवस्था झाली. 1875 साली हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांच्या हाताखाली भारतीय हवामान खाते निर्माण झाले आणि 1880 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांनाही इशारे मिळू लागले. दिवसा काठीवर चढविलेली खूण व रात्री दिवे, ही ती पद्धत. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य कोकणात अजूनही घरोघर कळते.

बावटा दिसावयाचा तो मात्र बंदरात. 8 नोव्हेंबर 1888 रोजी ‘वैतरणा’ नावाची आगबोट कच्छ-मांडवीहून मुंबईस येण्यास निघाली. विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. उत्तर कोकणातील नदीचे नाव धारण करणारी ही बोट काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. बिनतारी यंत्राचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. बंदर सोडलेल्या बोटीस किनाऱ्यावरील कोणत्याही शहाणपणाचा उपयोग होण्याजोगा नव्हता.

येथून पुढचा इतिहास हे अंतर तोडण्याचा आहे. बिनतारी संदेश आले. खात्याचे मुख्य ठाणे 1928 साली सिमल्याहून पुण्यास आले, तेथून 1944 साली दिल्लीस गेले. पुण्यातील त्या इमारतीस लोक आजही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. नोव्हेंबर 1948 मध्ये चक्रीवादळ मुंबईवर आले, तोवर आकाशवाणी घरात पोहोचली होती. 1983 पासून ‘इन्सॅट’ उपग्रह ढगांची चित्रे पाठवू लागले. तरीही 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ वादळ अलिबाग व मुंबई ह्यांच्या दरम्यान किनाऱ्यास लागले, तेव्हा कित्येक मासेमारी नौका खोल समुद्रात होत्या आणि अनेक खलाशी घरी परतले नाहीत. ‘वैतरणे’स एकशे एकवीस वर्षे लोटली होती, वादळ ओळखण्याची विद्या कितीतरी पुढे गेली होती, पण तिचा शब्द लहान होडीपर्यंत वेळेवर नेण्याचे काम अपुरेच होते.

जमिनीवरची गोष्टही निराळी नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये ‘क्यार’ वादळ किनाऱ्यास न लागता पश्चिमेकडे निघून गेले. परंतु जाता जाता त्याने कोकणात जो पाऊस पाडला त्यात खाचरांत कापून ठेवलेले भात भिजून गेले. शिवाय हंगामाची वेळच सरकत आहे. मुंबईहून मॉन्सून परतण्याची सरासरी तारीख पूर्वी 29 सप्टेंबर धरीत. 2020 साली खात्याने ती 8 ऑक्टोबर ठरविली. हळव्या भाताची कापणी त्याच सुमारास येते. आजोबांच्या हिशेबाने विळा चालविणाऱ्या शेतकऱ्याचे नऊ दिवस अशा रीतीने पावसात सापडतात.

सक्करदऱ्याच्या घरी ऐकू येणारे ते वाक्य म्हणूनच परके नव्हे. ज्या परतीच्या पावसाने कोकणात भात भिजते, तोच वऱ्हाडात व नागपूर प्रांती सोयाबीनची गंजी भिजवितो आणि फुटलेला कापूस काळवंडवितो. अंदाज कधी चुकतो, हे खरे. ‘शक्यता’ म्हणजे वचन नव्हे. तथापि ज्या रात्री ‘वैतरणा’ बुडाली, त्या रात्री तिच्यावरील कोणासही एवढी शक्यता सांगणारा शब्द मिळाला नव्हता. पानावर बसण्यापूर्वी हे वाक्य पुरते ऐकून घ्यावे, आणि गावाकडे कापणी चालू असेल तर तेथेही कळवावे.