टेस्टर विरुद्ध डेव्हलपर: हे भांडण आलं कुठून?

मुळशी म्हटलं की इतिहासाच्या विद्यार्थ्याला १९२१ चा सत्याग्रह आठवतो. टाटांचं धरण, सेनापती बापट, पाण्याखाली गेलेली गावं. याच तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला हिंजवडी, माण आणि मारुंजी आहेत, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क वाढत गेलं. त्याचा इतिहास मात्र अजून कोणी नीट लिहिलेला नाही. ट्रॅफिकवर भरपूर लिहिलं जातं, आत बसून माणसं काम कशी करतात यावर फारसं नाही. म्हणून संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांसाठी आज त्यातलाच एक प्रश्न घेतोय: टेस्टर आणि डेव्हलपर यांचं जमत का नाही?

पार्कातल्या कुठल्याही फेजमध्ये चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभे राहा, दोन्ही बाजू ऐकायला मिळतील. डेव्हलपर म्हणतो, "रिलीजच्या आदल्या संध्याकाळी बग टाकतात, तेही बटणाच्या रंगाचे." टेस्टर म्हणते, "बग टाकला की रिजेक्ट. त्याच्या मशीनवर चालतंय म्हणे. मग क्लायंटला त्याचं मशीनच पाठवा ना." यावर एचआरचा ठरलेला उपाय असतो: टीम आउटिंग, एकत्र जेवण, संवादकौशल्याची कार्यशाळा. त्याने थोडा फरक पडतोही. पण हा स्वभावाचा प्रश्न आहे हे आपण आधीच गृहीत धरलेलं असतं, आणि संशोधक म्हणून पहिल्यांदा तपासायची गोष्ट ती. ही दोन माणसं वेगळी केली कोणी, आणि कशासाठी?

सुरुवातीला ती वेगळी नव्हतीच. पन्नासच्या दशकात जो प्रोग्रॅम लिहायचा तोच तो चालवून बघायचा आणि तोच दुरुस्त करायचा. 'डीबगिंग' आणि 'टेस्टिंग' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जात. स्वतंत्र टेस्टिंग टीमच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ प्रकल्पातलं, १९५८ च्या सुमाराचं. आयबीएमकडून त्यावर काम करणाऱ्या जेराल्ड वाइनबर्गने ते नोंदवलंय. कारण समजण्यासारखं आहे. माणूस अवकाशात जाणार, तेव्हा ज्याने लिहिलं त्याच्याच शब्दावर विसंबून कसं चालेल?

याच वाइनबर्गने १९७१ मध्ये प्रोग्रॅमिंगच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यात बिल नावाच्या एका प्रोग्रॅमरचा किस्सा आहे. त्याने आपला कोड एका सहकारी बाईंना वाचायला दिला आणि त्यांनी तेरा विधानांत सतरा चुका काढल्या. बिलला राग आला नाही. उलट तो दिवसभर सगळ्यांना हसत हसत ते सांगत फिरला. वाइनबर्गने या वृत्तीला जे नाव दिलं त्याला आपण मराठीत 'अहंकाररहित प्रोग्रॅमिंग' म्हणू. आता हा किस्सा वाचून "बिल किती चांगला माणूस!" एवढ्यावर थांबू नका. तो ज्या गटात काम करत होता तिथे एकमेकांचा कोड वाचणं ही रोजची रीत होती, आणि सापडलेल्या चुकांचा आकडा कोणाच्या पगारवाढीच्या फॉर्मवर जात नव्हता. असा बिल हिंजवडीत का सापडत नाही, याचं उत्तर त्याच्या स्वभावात शोधायचं की त्या फॉर्मवर?

पुढचा टप्पा १९७६ चा. आयबीएमच्याच मायकेल फॅगनने 'इन्स्पेक्शन' नावाची पद्धत मांडली. डिझाइन किंवा कोड छापून घ्यायचा, चारेक माणसांनी बसून ओळीओळीने वाचायचा आणि चुका टिपायच्या. त्या चौघांच्या भूमिकाही ठरलेल्या: सूत्रधार, डिझाइन करणारा, कोड लिहिणारा आणि टेस्टर. म्हणजे टेस्टर शेवटी रांगेत उभा नव्हता, कोड एकदाही चालायच्या आधी त्याच टेबलावर होता. आणि फॅगनने बजावून ठेवलं होतं की इथे निघालेल्या चुकांचा वापर प्रोग्रॅमरचं मूल्यमापन करण्यासाठी करू नये, नाहीतर माणसं चुका लपवायला लागतील. पद्धत जगभर गेली, सोबतची ही अट बऱ्याच ठिकाणी वाटेतच गळून पडली.

मग १९७९ मध्ये ग्लेनफर्ड मायर्सचं टेस्टिंगवरचं पुस्तक आलं. तुमच्यापैकी ज्यांनी बीई किंवा एमसीएला हा विषय घेतलाय त्यांना त्यातली दोन तत्त्वं पाठ असतील: टेस्टिंग करायचं ते चूक सापडावी या हेतूने करायचं, आणि प्रोग्रॅमरने स्वतःचा प्रोग्रॅम स्वतः तपासण्याचं टाळावं. परीक्षेत आपण एवढंच लिहितो. मूळ पुस्तक उघडलंत तर त्याच मुद्द्यापाशी तो म्हणतो की सापडलेली चूक दुरुस्त करायचं काम मात्र ज्याने लिहिलं त्यालाच चांगलं जमतं. म्हणजे एकाने शोधायचं, दुसऱ्याने दुरुस्त करायचं, आणि दोघांमध्ये ये-जा सतत चालू राहायची. कोड वाचताना शेरा प्रोग्रॅमवर असावा, प्रोग्रॅमरवर नको, हेही त्याने लिहिलंय. आपण त्यातली विभागणी उचलली आणि ये-जा सोडून दिली.

डेव्हिड गेल्परिन आणि बिल हेट्झेल यांनी १९८८ मध्ये टेस्टिंगच्या इतिहासाचे कालखंड पाडले: १९५६ पर्यंत डीबगिंगचा, मग 'चालतं हे दाखवण्या'चा, १९७९ पासून 'मोडून दाखवण्या'चा, त्यानंतर मूल्यमापनाचा आणि शेवटी प्रतिबंधाचा. थिसिसच्या पहिल्या प्रकरणात हे तक्त्यासारखं उतरवून काढायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर सांभाळून वापरा. एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर १९५६ चालू असतं आणि पाचव्या मजल्यावर १९८८.

आता हिंजवडीकडे येऊ. भारतीय कंपन्यांना परदेशी क्लायंटचा विश्वास मिळवायचा होता, आणि कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटचं सीएमएम हे मॉडेल त्यासाठी सोयीचं ठरलं. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. मोटोरोलाच्या बंगळूरच्या केंद्राने १९९३ च्या सुमारास सगळ्यात वरची, पाचवी पातळी गाठली, आणि त्या दशकाच्या अखेरीस पाचव्या पातळीच्या यादीत भारतीय नावंच जास्त दिसायला लागली. नेमक्या त्याच काळात हिंजवडीत इमारती चढत होत्या. सीएमएममध्ये गुणवत्ता बघणाऱ्या गटाने प्रोजेक्ट मॅनेजरला डावलून थेट वरिष्ठांना कळवण्याची सोय आहे. हेतू चांगलाच आहे. पण या रचनेत टेस्टरने मारलेली हाक डेव्हलपरच्या आधी साहेबांच्या कानावर जाते. जोडीला मोजमापाची आवड: किती बग टाकले, किती रिजेक्ट झाले, किती क्लायंटपर्यंत निसटले. बग टाकला तर टेस्टरला मार्क, रिजेक्ट झाला तर डेव्हलपरला. एवढं झाल्यावर भांडण व्हायला स्वभाव वाईट असावा लागत नाही.

दुसरं कारण अंतराचं आहे. कित्येक प्रोजेक्टमध्ये कोड लिहिणारा परदेशात आणि तपासणारी टीम इथे, किंवा उलट. मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांचा २०१० चा एक अभ्यास जरूर वाचा. त्यांनी विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ मधले बग घेऊन पाहिलं की दुरुस्त होतात ते कोणते. ज्याचे बग पूर्वी दुरुस्त झालेत त्याचा पुढचाही दुरुस्त होण्याची शक्यता जास्त निघाली. टाकणारा आणि ज्याच्याकडे तो गेला ते एकाच टीममध्ये किंवा जवळजवळ बसणारे असले, तरीही शक्यता जास्त. थोडक्यात, बगचं नशीब बगवरच अवलंबून नसतं. नुकताच लागलेला, इच्छा न विचारता टेस्टिंगला टाकलेला, ऑनसाइटवरच्या डेव्हलपरला कधीच न भेटलेला मुलगा गंभीर बग टाकतो आणि तो पडून राहतो. तीन वर्षांनी इंटरव्ह्यूमध्ये त्याला विचारतात, "डेव्हलपमेंटमध्ये का गेला नाहीस?"

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण या विषयावर लिहायला बसलात की हा आकडा तुमच्या वाटेत येणारच. चूक सुरुवातीला सापडली तर खर्च एक, रिलीजनंतर सापडली तर शंभर. "टेस्टरला पहिल्या दिवसापासून बसवा" असं सांगणाऱ्या निम्म्या प्रेझेंटेशनमध्ये हा आलेख असतो आणि खाली लिहिलेलं असतं 'आयबीएम सिस्टिम्स सायन्सेस इन्स्टिट्यूट'. लोराँ बोसाव्हीसारख्यांनी त्याचा माग काढला. तो जातो प्रेसमनच्या पाठ्यपुस्तकाकडे, आणि तिथून १९८१ च्या आयबीएमच्या एका अंतर्गत प्रशिक्षणवर्गाच्या नोट्सकडे. त्यामागचा डेटा कोणी दाखवू शकलेलं नाही. बॅरी बोहमचे आकडे वेगळे, ते खऱ्या प्रकल्पांवरून काढलेले आहेत. पण त्यानेच म्हटलंय की छोट्या, कमी जोखमीच्या प्रकल्पांत हे प्रमाण शंभरला नाही, पाचाच्या आसपास येतं. टेस्टरला आधी बसवावं हे माझंही मत आहे, फक्त त्यासाठी तो आलेख वापरू नका. गाइडने विचारलं तर उत्तर नसेल.

२००१ च्या अजाइल जाहीरनाम्यानंतर वारं फिरलं. टेस्टर, डेव्हलपर आणि गरज सांगणारा माणूस यांनी काम सुरू होण्याआधी एकत्र बसायची पद्धत रुजू लागली. खरं म्हणजे फॅगनच्या टेबलाची ही नवी आवृत्ती. दुसरीकडे २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने टेस्टसाठीचं वेगळं इंजिनिअरचं पद मोडीत काढायला सुरुवात केली. संबंध सुधारायचा हाही एक मार्ग, दोघांतला एक नाहीसा करायचा! ज्यांची नोकरी त्या पदावर आहे त्यांना विचारून बघा, हा विनोद वाटणार नाही.

मग पुरावा कुठून आणायचा? कंपन्या आपलं बग-ट्रॅकर तुम्हाला उघडून देणार नाहीत, हे गृहीत धरा. पण मोझिलाचं बगझिला १९९८ पासून चालू आहे आणि त्यातला बहुतांश साठा कोणालाही वाचता येतो. तिथे बग बंद करताना जे शिक्के मारतात त्यात 'इनव्हॅलिड' आहे, 'वोन्टफिक्स' आहे आणि 'वर्क्सफॉरमी'सुद्धा आहे. टपरीवर ऐकलेलं "माझ्या मशीनवर चालतंय" तिथे चक्क अधिकृत निकाल म्हणून नोंदवलेलं आहे. सुरुवात म्हणून हा शिक्का बसलेले शंभर रिपोर्ट काढा. त्यातले पुन्हा उघडले गेलेले बाजूला घ्या. रिपोर्टमध्ये बग पुन्हा घडवून आणायच्या पायऱ्या लिहिल्या होत्या का, शिक्का मारण्याआधी डेव्हलपरने एकतरी प्रश्न विचारला होता का, आणि पुन्हा उघडला तो मूळच्या टेस्टरने की दुसऱ्याच कोणी, एवढ्या तीन रकान्यांची वही करा.