प्रस्तावना: जेट बोटीच्या इंजिनाचा मॅप

जेट बोटीला गिअर नसतात. बहुतेक लहान बोटींना क्लचही नसतो. इंजिनाचा शाफ्ट सरळ पंपातल्या इम्पेलरला जोडलेला असतो, त्यामुळे इंजिन सुरू झालं की पंप फिरलाच. मागे यायचं असेल तर इंजिन उलटं फिरवत नाहीत. मागून सुटणाऱ्या धारेवर एक वळणदार झाकण उतरवतात, त्याला बकेट म्हणतात. धार पुढे वळते आणि बोट मागे सरते. या विषयात जे काही वेगळं आहे ते याच साध्या जोडणीतून निघतं. मोटारगाडीच्या रिमॅपिंगची शिदोरी घेऊन इकडे येणाऱ्याने तिच्यातली बरीचशी काठावरच ठेवलेली बरी.

ही बोट न्यूझीलंडची. दक्षिण बेटावरच्या मॅकेन्झी भागात, आयरिशमन क्रीक नावाच्या मेंढ्यांच्या कुरणावर राहणाऱ्या विल्यम हॅमिल्टन यांना नद्यांत वर जायचं होतं आणि तिथल्या नद्या गुडघाभर पाण्याच्या, दगडगोट्यांच्या, दर पुराला वाट बदलणाऱ्या. पंखा असलेली बोट तिथे पहिल्याच दगडावर निकामी व्हायची. पाणी तळातून ओढून मागे फेकणारे पंप हॅमिल्टन यांच्या आधीही होते. त्यांनी १९५० च्या दशकात केलं ते एवढंच, की धार पाण्याखाली सोडण्याऐवजी पाण्याच्या पातळीच्या वर सोडली. बोट एकदम सुटली. १९६० साली त्यांच्या बोटी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन प्रवाहाविरुद्ध चढून गेल्या. आपल्याकडच्या जुन्या वाचकांना एडमंड हिलरी यांची १९७७ ची गंगा मोहीम आठवत असेल: गंगासागरपासून निघालेल्या तीन जेट बोटी नंदप्रयागजवळच्या धबधब्यापर्यंत पोचल्या होत्या. त्या इंजिनांवर संगणक नव्हता. इंजिनाचं पाण्याशी जे नातं होतं ते मात्र आजचंच होतं.

ते नातं घनाचं आहे. पंपाला लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट करायचे तर शक्ती आठपट हवी. उलट बाजूने मांडलं तर इंजिनाची शक्ती १० टक्क्यांनी वाढवली, तर फेरे वाढतात जेमतेम ३ टक्के. कॅनडाच्या सी-डू ब्रँडच्या बोटींत बसणारं रोटॅक्सचं दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन घ्या. ते १३० अश्वशक्तीचं मिळे आणि १५५ चंही. शक्तीत १९ टक्क्यांचा फरक, पण पंप तोच ठेवला तर फेऱ्यांत फक्त ६ टक्क्यांचा. म्हणजे ताशी ९० किलोमीटरने धावणारी बोट फार तर ९५ ने धावेल. मॅप बदलून "रॉकेट" करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब एकदा कागदावर मांडायला सांगावं; पुढची घासाघीस आपोआप शांतपणे होते.

आता मॅपकडे येऊ. इंजिनाच्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये, मुख्यतः तक्ते असतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला सिलिंडरमध्ये किती हवा जाते त्याचा अंदाज आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, ठिणगी किती अंश आधी टाकायची. गाडी दिवसभरात या तक्त्यावर जवळजवळ सगळीकडे हिंडून येते. चौथ्या गिअरमध्ये चढ, दुसऱ्या गिअरमध्ये उतार, सिग्नलला थांबणं, एक्सलेटर सोडून नुसतं घरंगळणं, सगळं त्यात येतं. जेट बोट स्थिर वेगात एकाच वक्ररेषेवर असते. तीन हजार फेऱ्यांवर इंजिनाला पूर्ण भार देणं पंपाला शक्यच नाही. तेवढं पाणी तो त्या गतीला ढकलतच नाही. त्यामुळे तक्त्याचा मोठा भाग थ्रॉटल अचानक उघडल्यावर क्षणभर ओलांडला जातो, तेवढाच. ज्या थोड्या चौकटींत बोट खरोखर राहते, तिथे मात्र ती तासन्‌तास राहते. माल भरलेला ट्रक कसारा घाट चढतो आहे आणि घाट संपतच नाही, अशी या इंजिनाची रोजची ड्यूटी असते. गाडीत दहा सेकंद खपून जाणारी ठिणगीची आगाऊ घाई इथे पिस्टन वितळवते.

या रेषेबाहेरची एक जागा मात्र फार महत्त्वाची आहे. बोट लाटेवरून उडाली, किंवा इनटेकच्या जाळीत शेवाळ अडकून पंपाने हवा ओढली, की इंजिनावरचा भार एका क्षणात नाहीसा होतो आणि फेरे उसळतात. रेव्ह लिमिटर आहे तो यासाठी. कारखान्याने हातचं राखून ठेवलेली शक्ती म्हणून त्याच्याकडे पाहणारे पुष्कळ भेटतात आणि लिमिटर दोन-चारशे फेऱ्यांनी वर नेणं हे त्यांचं पहिलं काम असतं. सपाट पाण्यावर बोट लिमिटरला टेकत असेल तर बहुधा इम्पेलरची पिच, म्हणजे पात्यांचा तिरपेपणा, कमी पडते आहे किंवा पंप झिजला आहे. तो दोष पंपातच दुरुस्त करायला हवा.

ही इंजिनं स्वतःचं मिश्रण तपासत नाहीत, हे नव्याने येणाऱ्याला सगळ्यात उशिरा कळतं. गाडीच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. संगणक त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे मॅपमधली छोटी चूक झाकली जाते. बोटीचा एक्झॉस्ट पाण्याने थंड करतात, त्यात पाणी सोडतातही. तापलेल्या सिरॅमिकच्या सेन्सरवर पाण्याचा थेंब पडला की तो तडकतो. म्हणून या वर्गातली बरीचशी इंजिनं मॅपवर डोळे झाकून विश्वास ठेवून चालतात. एअर फिल्टर बदलला, सुपरचार्जरची चाकी मोठी बसवली, तरी त्याने मिश्रण बिघडलं का, हे संगणकाला कळत नाही. तो जुन्याच तक्त्याच्या हिशेबाने पेट्रोल देत राहतो. जाणकार ट्यूनर एक्झॉस्टच्या कोरड्या भागात भोक पाडून चाचणीपुरता सेन्सर बसवतात आणि काम झालं की काढून घेतात. जो हा सेन्सर बसवतच नाही, त्याचा मॅप म्हणजे अंदाज आहे, मग लॅपटॉप कितीही महागाचा असो.

याच मुद्द्यावर हा परदेशी विषय आपल्या किनाऱ्याला लागतो. तारकर्ली, अलिबाग, कळंगुट इथे चालणाऱ्या जेट स्की याच घराण्यातल्या आहेत, तेच पंप, तशीच इंजिनं, आणि त्यांना पेट्रोल मिळतं ते रस्त्यावरच्या पंपाचं. त्यात आता २० टक्के इथेनॉल असतं. या यंत्रांची मॅन्युअलं बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते. १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला १४.१ आणि २० टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे १३.५. न तपासणारं इंजिन तेवढंच पेट्रोल देत राहिलं तर मिश्रण चारेक टक्क्यांनी लीन होतं, म्हणजे पेट्रोल तेवढं कमी पडतं. सुपरचार्जरच्या इंजिनात कारखान्याने पूर्ण भाराला मुद्दाम जादा पेट्रोल देऊन जी सुरक्षित जागा ठेवलेली असते, तिचा एक लचका असा परस्पर तुटतो. दुसऱ्या बाजूने इथेनॉल हवेला थंड करतं, ऑक्टेन वाढवतं, नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी पेटणं, लांबवतं. त्यामुळे "इथेनॉलने इंजिन गेलं" आणि "इथेनॉलने काही होत नाही" ही दोन्ही वाक्यं मला सारखीच आळशी वाटतात. मोजावं लागतं. ऑक्टेनच्या आकड्याचंही तसंच: अमेरिकी मॅन्युअलमधला ९१ हा दोन पद्धतींच्या सरासरीचा आकडा आहे, आपल्याकडे वापरतात त्या पट्टीवर तो साधारण ९५ च्या घरात येतो. ९१ ला ९१ समजून पेट्रोल भरणारा आणि वर ठिणगी दोन अंशांनी पुढे ढकलणारा, दोघे एकच माणूस असले की काय होतं ते सांगायला नको. नॉकिंगचा आवाज वाऱ्यात आणि पाण्याच्या खळखळाटात कानाला येतही नाही.

संगणकात शक्तीपलीकडचंही बरंच काही असतं. थ्रॉटल सोडला की जेट बोट वळत नाही, कारण वळवणारी धारच उरत नाही. घाबरलेला माणूस आधी थ्रॉटल सोडतो आणि मग सुकाणू फिरवतो; बोट सरळ जाऊन आदळते. यासाठी सी-डूच्या जलवाहनांत थ्रॉटल सोडून सुकाणू जोरात वळवलं तर संगणक इंजिनाचे फेरे थोडे टिकवून ठेवतो, म्हणजे वळायला धार मिळते. नवशिक्यासाठी वेगळी किल्ली असते, ती लावली की शक्ती मर्यादित राहते. २००९ पासून काही मॉडेलना ब्रेकही मिळाला आणि तो चालवण्यात थ्रॉटल, बकेट व संगणक तिघांची मिळून भूमिका असते. दुसऱ्याने लिहिलेली फाइल आख्खी ओतताना यातलं काय बदललं हे न बघणं, याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. शब्द त्याहून कडक हवा.

प्रत्यक्ष मॅप लिहिण्याची कला फार झपाट्याने बदलली. सुरुवातीच्या संगणकांत काचेची खिडकी असलेली चिप असे. अतिनील प्रकाशाखाली धरून ती पुसायची आणि नव्याने भरायची. जनरल मोटर्सच्या व्ही-८ इंजिनांसाठी एमईएफआय नावाचे खास सागरी कंट्रोलर आले. आता बहुतेक काम डायग्नोस्टिक सॉकेटमधून होतं: मूळ फाइल वाचायची, जपून ठेवायची, तक्ते शोधायचे, बदलायचे, चेकसमचा हिशेब जुळवायचा आणि परत लिहायची. लिहिताना बॅटरी बसली तर संगणक दगड होतो. चार्जर लावूनच काम करावं, एवढं इथेच सांगून ठेवतो. शर्यतीतले लोक मूळ संगणक काढून स्वतंत्र ईसीयूच बसवतात. असे ईसीयू बनवणारी लिंक ही कंपनी क्राइस्टचर्चची आणि हॅमिल्टनचे पंपही त्याच शहरात बनतात. न्यूझीलंडमधल्या जेटस्प्रिंटच्या शर्यती, जिथे व्ही-८ लावलेल्या बोटी चिखलात खणलेल्या अरुंद चरांतून वळणं घेत सुटतात, त्या बघितल्या की इतक्या छोट्या देशात हे ज्ञान का साठलं याचं कोडं राहत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत बोटींच्या इंजिनांच्या धुराचे नियम १९९६ मध्ये ठरले, १९९८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि २०१० च्या मॉडेलपासून आणखी कडक झाले. तिथे धुराशी संबंधित मॅप बदलणं हा छेडछाडीचा गुन्हा ठरू शकतो; निव्वळ शर्यतीच्या बोटींचा विचार वेगळा होतो. आपल्याकडे नद्या आणि खाड्यांतल्या बोटींची नोंदणी व तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते. इंजिनाची शक्ती कागदावर एक आणि पाण्यात दुसरी असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीचा पहिला प्रश्न काय असेल हे ओळखणं अवघड नाही. लोकांना फिरवून पोट भरणाऱ्याने आपल्या बोटीचा मॅप बदलू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग हे शिकावं कोणी? पुणे, पिंपरी, चाकणच्या पट्ट्यात इंजिन कॅलिब्रेशन हा ओळखीचा व्यवसाय आहे. तिथले तरुण गाड्यांचे मॅप जुळवण्यात आयुष्याची उमेदीची वर्षं घालतात. त्यांना तक्ते वाचता येतात, नॉकिंगचा आलेख कळतो. पाणी तेवढं नवं असतं. याउलट किनाऱ्यावरच्या मेकॅनिकला पंप हाताच्या बोटांनी कळतो, पण लॅपटॉप समोर आला की तो मागे सरकतो. हे पुस्तक या दोघांसाठी आहे आणि दोघांनी ते शेजारी बसून वाचलं तर जास्त उपयोगी पडेल. गणिताला घाबरण्याचं कारण नाही. घनमूळ काढता आलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं निरीक्षणाचं आहे आणि त्यासाठी शक्ती मोजणारा महागडा डायनो लागत नाही. पंप चांगल्या स्थितीत असेल तर तोच डायनो: पूर्ण थ्रॉटलला फेरे २ टक्के वाढले म्हणजे शक्ती सुमारे ६ टक्के वाढली. अट एकच, फेरे आणि जीपीएसवरचा वेग दोन्ही मिळून वाढले पाहिजेत. त्याच टप्प्यात एकदा जाताना, एकदा येताना मोजून सरासरी काढायची, म्हणजे वारा आणि प्रवाह वजा होतात. टाकीतलं पेट्रोल, बोटीतली माणसं, पाण्याचं तापमान लिहून ठेवायचं. फेरे वाढले आणि वेग तिथेच राहिला, तर वाढली ती शक्ती नव्हे. पंप पाणी धरत नाहीये: कुठेतरी हवा शिरते आहे, किंवा इम्पेलरच्या पात्यांवर दाब इतका उतरलाय की पाणी थंडच उकळतंय, म्हणजे कॅव्हिटेशन होतंय, किंवा इम्पेलर आणि त्याभोवतीची वेअर रिंग यांच्यातली फट वाढली आहे. अशा बोटीवर मॅपिंगचे पैसे घेणारे आहेत आणि फेऱ्यांचा वाढलेला आकडा दाखवून ते गिऱ्हाइकाला खूशही करतात.

म्हणून या पुस्तकातली पहिली तीन प्रकरणं संगणकाविषयी नाहीत. ती पंप उघडण्याविषयी, फीलर गेजने ती फट मोजण्याविषयी आणि इम्पेलरची पिच निवडण्याविषयी आहेत. लॅपटॉप चौथ्या प्रकरणात येतो. ज्यांना फारच घाई आहे त्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही. फक्त सोबत फीलर गेज ठेवावा.