हवानाची तार का अडली?

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? ठीक.

आपल्याकडे भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पुणेकरांना तर शिवाजीनगरचं ‘सिमला ऑफिस’ चांगलंच माहीत आहे. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते नाव. त्याच १८७५ सालच्या ११ सप्टेंबरला, पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, क्युबा बेटावर हवाना शहरातल्या वर्तमानपत्रांत एका पाद्र्याचं निवेदन छापून आलं. एक मोठं वादळ बेटाकडे येत आहे, असं त्यात म्हटलं होतं. दोन दिवसांत वादळ क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर आलं. उष्ण कटिबंधातल्या वादळाचा, ते यायच्या आधी छापून जाहीर केलेला हा अगदी सुरुवातीचा अंदाज.

या पाद्र्याचं नाव बेनितो विन्येस. स्पेनमधल्या कॅटलोनियाचा माणूस, जेझुइट पंथाचा. १८७० साली तो हवानाला बेलेन कॉलेजच्या वेधशाळेचा संचालक म्हणून आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मातान्सास शहराची वादळाने धूळधाण झाली, म्हणजे कामाची ओळख लगेच पटली म्हणायची.

आता बेटावर बसून वादळ ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न. वादळ जन्मतं दूर पूर्वेला, भर समुद्रात. जहाजांवर बिनतारी यंत्रणा नव्हती. जे जहाज वादळात सापडायचं, ते वाचलंच तर आठवड्याने बंदरात येऊन सांगायचं. वायुभारमापक होता, पण त्याचीही एक गंमत आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, साधारण दहाला वर आणि चारला खाली, भरती-ओहोटीसारखा. ही रोजची लय ज्याला पाठ नाही, त्याला पारा बिघडल्याचं कळेपर्यंत वादळ दारात आलेलं असतं.

विन्येसने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत, वर्षानुवर्षं, न चुकता नोंदी. दुसरी म्हणजे ढगांकडे बघणं. ढगांकडे आपण सगळेच बघतो, पण तो थर वेगळे करून बघायचा. वादळात खालची हवा केंद्राकडे ओढली जाते आणि वरची हवा केंद्रापासून बाहेर फेकली जाते. त्यामुळे सर्वांत उंचावरचे ढग, ते पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे असतात ना, ते वादळाच्या कितीतरी पुढे पसरतात. हे तंतू क्षितिजावरच्या ज्या एका बिंदूतून पंख्यासारखे उघडल्यासारखे दिसतात, त्या दिशेला वादळाचं केंद्र. वारा सुटलेला नसतो, समुद्र शांत असतो, आणि वरचं आभाळ मात्र वादळाचा पत्ता सांगत असतं. मग खालच्या, मधल्या आणि वरच्या ढगांच्या दिशा तासातासाने कशा बदलतात ते पाहिलं की वादळ कुठल्या बाजूने जाणार, याचाही अदमास येतो.

हा झाला दोन-तीन दिवसांचा अंदाज. लांबच्या पल्ल्याचा विचारही त्याने केला होता. कॅरिबियनमधली वादळं पूर्वेकडून पश्चिमेकडे येतात आणि कुठेतरी उत्तरेला वळून पुढे ईशान्येकडे जातात. सगळा खेळ ते वळण कुठे येतं यावर असतो. जुन्या वादळांच्या नोंदी लावून विन्येसने दाखवलं की हे वळण महिन्यागणिक सरकतं. ऑगस्टमध्ये ते पार उत्तरेला असतं. ऑक्टोबरात दक्षिणेला, जवळजवळ क्युबाच्याच डोक्यावर येतं. हवानाला झोडपणारी १८४४ आणि १८४६ ची दोन्ही भीषण वादळं ऑक्टोबरातली होती, ती उगाच नाही. अमुक तारखेला वादळ येईल असं यात कोणी सांगत नाही. कुठल्या महिन्यात कोणी डोळ्यांत तेल घालून बसायचं, ते कळतं. कोळ्यांना आणि जहाजवाल्यांना हे फार उपयोगाचं.

पुढे शेजारच्या बेटांवरून तारेने वेध येऊ लागले, विमा कंपन्या आणि बंदरांतले व्यापारी बेलेनच्या निवेदनाची वाट बघू लागले. जुलै १८९३ मध्ये विन्येस गेला. लॉरेन्सो गांगोइते हा दुसरा जेझुइट वेधशाळेचं काम बघू लागला.

इथे राजकारण येतं. १८९८ साली अमेरिका आणि स्पेन यांचं युद्ध झालं आणि क्युबावर अमेरिकी लष्कराचा अंमल आला. अमेरिकेच्या वेदर ब्युरोने युद्धाच्या काळातच जमैकाच्या किंग्स्टनला वादळाचं ठाणं उघडलं होतं, ते पुढच्या वर्षी हवानाला हलवलं. म्हणजे एका शहरात दोन कार्यालयं झाली. एकाकडे तीन दशकांच्या नोंदी, दुसऱ्याकडे सरकारी शिक्का. ब्युरोचा प्रमुख विलिस मूर वॉशिंग्टनला बसायचा आणि अंदाज वॉशिंग्टनहूनच निघाले पाहिजेत, यावर त्याचा कटाक्ष असे. लोक घाबरतात म्हणून ‘हरिकेन’ हा शब्दही जपून वापरायचा. हवानातल्या त्याच्या माणसांच्या अहवालांचा सूर असा, की इथल्या लोकांना वादळाचा इशारा म्हणजे काय हे आपणच शिकवतोय. पंचवीस वर्षं वर्तमानपत्रात इशारे वाचणाऱ्या शहराबद्दल हे लिहिलं जात होतं!

ऑगस्ट १९०० च्या अखेरीस, ऐन वादळांच्या दिवसांत, मूरच्या सांगण्यावरून अमेरिकेच्या युद्ध खात्याने हुकूम काढला. क्युबातल्या सरकारी तारांवरून क्युबन वेधशाळांचे वादळविषयक संदेश जाणार नाहीत. हवानातल्या ब्युरोच्या कार्यालयानेही न्यू ऑर्लिन्सला थेट कळवायचं नाही. आधी वॉशिंग्टन, मग बाकीचे.

आठवड्याभरात एक वादळ क्युबावरून गेलं. वारा फारसा नव्हता, पाऊस मात्र सांतियागोकडे धो धो पडला. ५ सप्टेंबरला ते बेट ओलांडून उत्तरेच्या समुद्रात उतरलं. आता ते वळणार की नाही? वॉशिंग्टनने ठरवलं की वळणार: फ्लोरिडावरून अटलांटिक किनाऱ्याने वर जाणार. इशारेही त्याच बाजूला गेले. गांगोइते हवानात बसून आभाळ बघत होता. वादळ वळून गेलं असतं तर आभाळ निवळायला हवं होतं. ते निवळेना. चंद्राभोवती खळं, पहाटे गडद लाल आभाळ. त्याचा निष्कर्ष असा की वादळ वळलेलं नाही, मेक्सिकोच्या आखातात शिरून ते टेक्ससकडे निघालंय. हवानाला ते छापून आलं. टेक्ससला कळवायला तार नव्हती.

आणि इथे मला मघाच्या १८७५ कडे परत जायचंय. विन्येसने ज्याचा पहिला इशारा दिला, ते वादळ क्युबानंतर कुठे गेलं? टेक्ससला! १६ सप्टेंबर १८७५ ला त्याने इंडियानोला हे बंदर उद्ध्वस्त केलं. १८८६ साली दुसऱ्या वादळाने उरलंसुरलं नेलं आणि लोक गाव सोडून गेले. म्हणजे क्युबा ते टेक्सस ही वाट हवानाच्या दप्तरात अगदी पहिल्या पानापासून होती. तरीही १८९१ साली त्याच किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टन शहरातला ब्युरोचा अधिकारी आयझॅक क्लाइन याने स्थानिक वर्तमानपत्रात लिहिलं, की आपल्या शहराला वादळापासून मोठा धोका आहे ही समजूत वेडगळ आहे. त्याच्या त्या लेखामुळे समुद्राला भिंत घालायची मागणीही मागे पडली.

८ सप्टेंबर १९०० ला वादळ गॅल्व्हेस्टनवर आलं. शहर एका वाळूच्या बेटावर, वस्ती सदतीस हजारांच्या वर, सर्वांत उंच जागा समुद्रापासून जेमतेम ८.७ फूट. पाणी चढलं १५ फुटांच्या वर. मेलेल्यांचा नेमका आकडा कधीच लागला नाही. सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत सांगतात, बहुतेक जण आठ हजार धरतात. क्लाइनचं घर पडलं, त्यात त्याची बायको गेली.

तार सुरू असती तर हे लोक वाचले असते का? पुष्कळ पुस्तकांत ‘हो’ असं सुचवलेलं असतं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. ७ तारखेला ब्युरोने गॅल्व्हेस्टनला वादळाचा बावटा लावला होता. ८ च्या सकाळी लोक समुद्रकिनाऱ्यावर लाटा बघायला जमले होते, मुलांना घेऊन. बावटा होता, भीती नव्हती. हवानाच्या शब्दाने फार तर एक-दोन दिवस जास्त मिळाले असते. पण मुख्य भूमीला जाणारी रेल्वे तेव्हा चालू होती. दोन दिवसांत रेल्वेतून किती माणसं निघू शकली असती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मूरवर माझा आक्षेप अंदाज चुकल्याचा नाही, अंदाज सगळ्यांचेच चुकतात. विन्येसचेही चुकले असतील. आपल्यापेक्षा वेगळं म्हणणारा आवाज ऐकूच येऊ नये अशी त्याने व्यवस्था केली, हा आक्षेप आहे.

बंदी नंतर उठली. गॅल्व्हेस्टनने १९०२ ते १९०४ मध्ये १७ फूट उंच भिंत बांधली. पुढे तर घरं जॅकवर उचलून, खाली वाळू भरून अख्खं शहर वर घेतलं.

क्युबाचं म्हणाल तर १९६३ साली ‘फ्लोरा’ हे वादळ चार-पाच दिवस पूर्व क्युबावरच घुटमळत राहिलं आणि हजारावर माणसं गेली. त्यानंतर तिथे इशारा देणं आणि लोकांना हलवणं ही एकच यंत्रणा केली गेली. तोवर क्युबा आणि अमेरिका यांचं वैर जगजाहीर झालेलं. राजदूत नाहीत, व्यापार नाही. पण मियामीचं हरिकेन केंद्र आणि हवानाची हवामान संस्था एकमेकांना वेध पाठवत राहिल्या, आणि वादळ जवळ आलं की अमेरिकेच्या वेध घेणाऱ्या विमानांना क्युबा आपल्या आकाशात येऊ देतो.

आता प्रश्न असतील तर घेऊ. हो, तुम्ही, खिडकीजवळचे.