'प्लीज', 'पिलीज' की 'पीज'? औपचारिक बोलताना उच्चार का बदलतो?

इंग्रजी शिकणारी एखादी व्यक्ती मुलाखतीत 'प्लीज'चं 'पिलीज' करते आणि मित्रांशी बोलताना त्याच शब्दातला 'ल' गिळून टाकते. व्यक्ती तीच, शब्दही तोच. मग उच्चार का बदलतो?

अडचण नेमकी कुठे येते?

मधे स्वर न येता दोन-तीन व्यंजनं सलग आली की त्यांना जोडव्यंजन म्हणतात. 'स्त्री'मध्ये सुरुवातीलाच तीन व्यंजनं आहेत, पण मराठी माणसाला ती जड जात नाहीत. जपानी किंवा चिनी भाषेत मात्र अशी रचना जवळपास नसतेच. इंग्रजीतला 'स्ट्राइक' जपानीत गेला आणि 'सुतोराइकु' झाला, तो त्यामुळेच.

जिभेकडे दोन पळवाटा

एक, मधे स्वर घालायचा. दुसरी, एक व्यंजन गाळायचं. मराठीत रुळलेल्या शब्दांतही या दोन्ही दिसतात. 'ग्लास'चा 'गिलास' झाला, तर 'स्टेशन'चं 'टेशन'.

प्रसंगाचा संबंध काय?

आपण बोलण्याकडे जितकं जास्त लक्ष देतो, तितका उच्चार बदलतो. विल्यम लबॉव यांनी न्यूयॉर्कच्या दुकानांमध्ये केलेला, 1966 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत गाजला. 'फोर्थ फ्लोअर' हे उत्तर पुन्हा, नीट सांगायची वेळ आली की विक्रेते 'र' जास्त वेळा उच्चारत. हे मूळ इंग्रजीभाषकांबद्दल होतं. पुढे 1979 मध्ये एलेन टॅरोन यांनी दुसरी भाषा शिकणाऱ्याच्या बोलण्याला सरड्याची उपमा दिली, कारण तेही प्रसंगानुसार रंग बदलतं.

2001 मध्ये संशोधक युह-ह्वे लिन यांनी चिनीभाषक विद्यार्थ्यांचे इंग्रजी उच्चार शब्दवाचनापासून गप्पांपर्यंत तपासले. औपचारिक कामात चुका फारशा कमी झाल्या नाहीत. चुकांचा प्रकार मात्र बदलला. औपचारिक वेळी स्वर घालण्याचं प्रमाण वाढलं, तर गप्पांमध्ये व्यंजन गाळण्याचं.

असं का होत असावं?

जपून बोलताना आपल्याला सगळे ध्वनी ऐकू जायला हवे असतात. ते सलग जमत नसतील, तर मधे स्वराचा आधार घेतला जातो. 'पिलीज'मध्ये 'प' आणि 'ल' दोन्ही शाबूत राहतात, त्यामुळे शब्द ओळखू येतो. गप्पांमध्ये संदर्भ मदतीला असतो, म्हणून वेग महत्त्वाचा ठरतो. मूळ इंग्रजीभाषकही घाईत 'नेक्स्ट डे'चं 'नेक्स डे' करतात.

याचा फटका कुणाला बसतो?

शिकणाऱ्याला. 'वॉक्ट' म्हणताना शेवटचा 'ट' गळला, तर ऐकणाऱ्याला वाटतं की याला भूतकाळच येत नाही. प्रत्यक्षात व्याकरण पक्कं असू शकतं, अडखळलेली असते ती जीभ. उलट, यादीतले शब्द सावकाश नीट वाचणारा माणूस गप्पांमध्येही तसंच बोलेल, याचीही खात्री नसते.

म्हणून फक्त शब्दांची यादी वाचायला लावून किंवा फक्त गप्पा मारून कुणाच्या उच्चारांचा निकाल लावणं अपुरं आहे. दोन्ही ऐकायला हवं. सरावही दोन्हींचा हवा: आधी शब्द सुटा म्हणा, मग वाक्यात, आणि शेवटी न वाचता त्याच विषयावर मिनिटभर बोला. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलंत, तर आपली जीभ कधी स्वर घालते आणि कधी व्यंजन गाळते, हे लक्षात येईल.